दहशतवाद आणि सुरक्षेचा अभ्यासक व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी जूनमध्ये, प्रवेशाच्या धांदलीत, मला येणारी पत्रं साधारण सारखीच असतात. विद्यार्थी विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, मध्यंतरी एका पोलीस उपनिरीक्षकांनीही विचारलं. मी मुंबईत राज्यशास्त्र शिकवते आणि राजकीय हिंसेवर काम करते, त्यामुळे उत्तरं मुंबईकडे झुकलेली आहेत. प्रश्न ज्या शब्दांत आले, जवळपास त्याच शब्दांत ठेवलेत.

१. मॅडम, दहशतवादाचा अभ्यासक नक्की काय करतो? रॉसारखं काही असतं का?

नाही. माझ्याकडे गुप्त ओळखपत्र वगैरे काही नाही. आहे तो ग्रंथालयाचा पास आणि एक्सेलमधला एक भलामोठा तक्ता.

बॉम्ब कुणी ठेवला हे शोधणं पोलिसांचं काम. आमचे प्रश्न वेगळे. एखादा गट निवडणूक, मोर्चा, संप सोडून बॉम्बकडे का वळतो? त्याच विचाराचे शेजारचे चार गट का वळत नाहीत? असे गट संपतात कसे? सरकारने कायदा कडक केला की हिंसा घटते, की नवी पोरं गटाला जाऊन मिळतात? उत्तरं शोधायची ती निकालपत्रं, चौकशी आयोगांचे अहवाल, जुनी वर्तमानपत्रं, पत्रकं आणि मुलाखतींतून. उरलेल्या वेळात तास घ्यायचे आणि पेपर तपासायचे. खरं सांगायचं तर पेपर तपासण्यातच जास्त वेळ जातो.

२. दहशतवादाची व्याख्या काय? परीक्षेत कुठली लिहू?

परीक्षेत पाठ्यपुस्तकातली लिहा आणि तिच्यावरचा वाद दोन ओळींत मांडा, मार्क मिळतील. खरी गोष्ट अशी की सर्वमान्य व्याख्या नाही. १९८० च्या दशकात ॲलेक्स श्मिड या डच अभ्यासकाने अशा १०९ व्याख्या गोळा केल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांत भारताने १९९६ मध्ये सर्वंकष कराराचा मसुदा मांडला. तोही व्याख्येपाशीच अडकला. आपल्याकडे यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम १५ मध्ये एक कायदेशीर व्याख्या आहे आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ मध्येही. पण कायद्याची व्याख्या खटला चालवण्यासाठी असते. तिने अभ्यास भागत नाही.

मराठीत आणखी एक गंमत आहे. ‘दहशत’ हा शब्द आपण गल्लीतल्या दादासाठी वापरतो आणि आरे कॉलनीतल्या बिबट्यासाठीही. पंजाब पेटलेला होता तेव्हा आपली वर्तमानपत्रं ‘अतिरेकी’ लिहायची, आता सरसकट ‘दहशतवादी’ लिहितात. ब्रिटिशांच्या दफ्तरात ज्यांची नोंद दहशतवादी म्हणून आहे, त्यांची चरित्रं आपण शाळेत क्रांतिकारक म्हणून वाचली.

मुंबईचं उदाहरण घ्या. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली आणि तो दहशतवाद, यावर कुणाचं दुमत नाही. त्याआधीच्या डिसेंबर आणि जानेवारीतल्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू मोजले. त्याला आपण ‘दंगल’ म्हणतो. दोन्हीकडे निःशस्त्र माणसं मारली गेली, दोन्हीकडे एका समाजाला धडा शिकवायचा हेतू बोलला गेला. मग शब्द वेगळे का? माझं मत विचाराल तर संघटनेचा प्रकार आणि हिंसेची पद्धत वेगळी असल्याने वेगळे शब्द हवेतच; पण कुठला शब्द जास्त गंभीर वाटतो, हा वापराचा आणि राजकारणाचा परिणाम आहे. एमएच्या पहिल्या तासाला मी हाच प्रश्न टाकते आणि तास संपेपर्यंत गप्प बसते.

३. बारावी सायन्सला आहे. आता आर्ट्सला गेलं तर चालेल का? मुंबईत कुठे शिकायचं?

चालेल. सायन्सवाल्यांना आकडेवारीची भीती नसते, ती इथे कामी येते. बीएला राज्यशास्त्र घ्या. सोबत इतिहास किंवा अर्थशास्त्र असेल तर उत्तम. एमएसाठी कालिन्याला मुंबई विद्यापीठाचा नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग आहे. गुन्हेगारी आणि न्यायव्यवस्थेच्या बाजूने यायचं असेल तर देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था बघा. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे.

‘दहशतवाद’ असं नाव असलेला डिप्लोमा शोधत बसू नका. नावाला भुलून पैसे घालवलेली दोन मुलं माझ्याकडे येऊन गेली आहेत. आधी राज्यशास्त्र पक्कं करा, विषय पीएचडीला निवडा.

४. राज्यशास्त्र की संरक्षण व सामरिकशास्त्र?

सैन्य, अण्वस्त्रं, सीमा यांत रस असेल तर दुसरं. गट, पक्ष, कायदा आणि समाज यांत रस असेल तर पहिलं. नेटमध्ये, म्हणजे प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, दोन्ही स्वतंत्र विषय आहेत. कॉलेजातल्या जागा मात्र राज्यशास्त्राच्या कितीतरी जास्त.

५. नेट, सेट, पीएचडी… सगळं धरून किती वर्षं लागतात?

बीएपासून मोजलं तर दहा-अकरा वर्षं धरून चाला. २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी ३ आणि एरवी जास्तीत जास्त ६ वर्षं आहेत. एमफिल बंद झालं. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवलेल्याला थेट पीएचडीला अर्ज करता येतो, पण या विषयात एमए न करता उडी मारू नये असं मला वाटतं. २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशालाही धरतात. आपल्या राज्याची सेट पुणे विद्यापीठ घेतं. ती प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी चालते, फेलोशिप मात्र मिळवून देत नाही.

६. आईबाबा म्हणतात, यात पोट भरेल का? खरं सांगा.

जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. जेआरएफ हुकली तरी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिप आपापल्या प्रवर्गातल्या संशोधकांसाठी असतात. जाहिरातींवर डोळा ठेवा. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात कायम जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत आणि नेट-पीएचडी झालेली माणसं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात धावत असतात. मीही काही वर्षं अशी धावले. एका कॉलेजने तासांचे पैसे दिवाळीनंतर देतो म्हणून सांगितलं आणि दिले पुढच्या गुढीपाडव्याला. आईबाबांना हे लपवू नका.

कॉलेजबाहेरच्या नोकऱ्यांसाठी प्रश्न ७ पाहा.

७. प्राध्यापक नाही व्हायचं. मग मुंबईत कुठे काम मिळतं?

इथे मुंबई दिल्लीच्या पुढे आहे, फक्त ते कुणी सांगत नाही. बँका आणि वित्तसंस्थांना संशयास्पद व्यवहार तपासणारी माणसं लागतात. पैसा कुठल्या मार्गाने फिरतो हे समजणारा राज्यशास्त्रज्ञ तिथे चालतो, मात्र हिशेबाची भाषा शिकावी लागते. मोठ्या कंपन्यांना जोखीम-विश्लेषक लागतात. कर्मचाऱ्यांना अमुक देशात पाठवावं का, अमुक शहरात कारखाना बंद ठेवावा का, असे प्रश्न रोज सकाळी नऊच्या आत सोडवायचे असतात. गेटवे हाऊस, ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशनची मुंबई शाखा अशा विचारसंस्था आहेत, जागा मोजक्या.

आणि विमा. ११ सप्टेंबर २००१ नंतर जगभरच्या पुनर्विमा कंपन्यांनी, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्यांनी, दहशतवादाची जोखीम घ्यायला हात आखडता घेतला. तेव्हा भारतातल्या विमा कंपन्यांनी २००२ मध्ये एक सामायिक निधी उभारला. तो जीआयसी री ही सरकारी पुनर्विमा कंपनी सांभाळते, चर्चगेटहून. इमारतीचं नाव ‘सुरक्षा’ आहे, हे मी रचलेलं नाही. एखाद्या हॉटेलवर किंवा तेलशुद्धीकरण कारखान्यावर हल्ला व्हायची शक्यता किती आणि त्याचा हप्ता किती लावायचा, हा अस्सल राज्यशास्त्राचा प्रश्न आहे. तो बहुतेक वेळा आकडेशास्त्रवाले एकटेच सोडवत बसतात.

८. आयबी किंवा एनआयएमध्ये जायला ही पदवी उपयोगी पडते का?

परीक्षा द्यावीच लागते. एमएचे वेगळे गुण मिळत नाहीत. आत गेल्यावर उपयोग होतो. मात्र एकदा आत गेलात की लिहिणं-छापणं जवळपास संपतं. त्याबद्दल प्रश्न १७ मध्ये.

९. दिल्लीला गेल्याशिवाय यात नाव होत नाही म्हणतात.

मंत्रालयं, जेएनयू आणि मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन संस्था दिल्लीत आहेत, त्यामुळे परिषदा आणि ओळखी तिथे. पण कागद मुंबईत आहेत. १९९३, २००६ चे लोकल स्फोट, २६/११ आणि मालेगाव २००८, या सगळ्यांचे खटले या शहरात चालले. उच्च न्यायालय इथे, विशेष न्यायालयं इथे. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, तिथे ब्रिटिशकाळात क्रांतिकारकांवर ठेवलेल्या पाळतीची कागदपत्रं वाचायला मिळतात. पाळत ठेवणाऱ्याचं इंग्रजी आजच्या गोपनीय अहवालाइतकंच कोरडं असतं, हे तिथे बसल्यावर कळतं. एक-दोन वर्षं दिल्लीला जाऊन या, हरकत नाही. पण कागद सोडून जाऊ नका.

१०. सगळं गुप्त असतं ना? मग माहिती मिळते कुठून?

गुप्त असतं त्यापेक्षा उघड्यावर पडलेलं कितीतरी जास्त आहे, फक्त ते वाचायला कुणाला वेळ नसतो. कसाब खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २९ ऑगस्ट २०१२ चा निकाल फुकट वाचायला मिळतो. बोटीतून येण्यापासून ते फोनवरच्या सूचनांपर्यंत सगळं त्यात क्रमाने आहे. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी निर्दोष सुटले, हे माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना माहीत नसतं. माझ्याकडे येणाऱ्याला मी पहिलं काम हेच देते: निकाल पूर्ण वाचा, मग बोलू. माहिती अधिकारातून एनआयएसारख्या संस्था वगळलेल्या आहेत, तिथे अर्ज करून वेळ घालवू नका. आरोपपत्राची, पंचनाम्याची प्रमाणित प्रत मिळते का, ते वकिलामार्फत बघा.

तयार माहितीसाठी दोन ठिकाणं सगळे वापरतात. एक अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचा जागतिक दहशतवाद माहितीसंच. त्यात १९७० पासूनच्या दोन लाखांहून जास्त घटना आहेत. दुसरं दिल्लीहून चालणारं साउथ एशिया टेररिझम पोर्टल. दोन्ही डोळे उघडे ठेवून वापरा. मेरीलँडच्या संचात १९९३ हे अख्खं सालच नाही! ज्या खासगी कंपनीने मुळात या नोंदी केल्या होत्या, तिच्या ऑफिसच्या स्थलांतरात त्या वर्षाचे कागद हरवले. आपल्या शहरावरचा सगळ्यात मोठा हल्ला जगातल्या सगळ्यात मोठ्या यादीत सापडत नाही, आणि ते न बघता ‘१९७० ते आजपर्यंत मुंबई’ असा आलेख काढून आणणारे विद्यार्थी मी दरवर्षी परत पाठवते.

आकडेही घासून घ्यावे लागतात. २६/११ चे मृत १६६ की १७५? मारले गेलेले ९ हल्लेखोर मिळवले तर १७५. ११ जुलै २००६ चे? कुठे १८७, कुठे १८९, कुठे २०९. रुग्णालयात नंतर दगावलेले कुणी धरले, कुणी नाही. आकडा लिहिला की शेजारी त्याचं मूळ लिहा.

११. २००६ च्या लोकल स्फोटांतले सगळे आरोपी सुटले. मग आतापर्यंत जे शिकवलं ते चूक होतं का?

सगळ्यात जास्त पत्रं यावर येतात, म्हणून सविस्तर.

११ जुलै २००६ ला संध्याकाळी ११ मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले, फर्स्ट क्लासच्या डब्यांत. खटला मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली चालला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, ५ जणांना फाशी, ७ जणांना जन्मठेप. तेराव्याला तेव्हाच सोडलं. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने उरलेले बाराही निर्दोष ठरवले. त्यातला एक तोवर तुरुंगातच वारला होता. कबुलीजबाबांवर न्यायालयाचा विश्वास बसला नाही. ओळखपरेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला त्या वेळी तो अधिकारच उरला नव्हता. बॉम्ब कुठल्या प्रकारचे होते, हेही सिद्ध झालं नाही. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलैला आदेश आला की सुटलेल्यांना परत आत जायला नको, पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये.

त्या दिवशी मी माझा तक्ता उघडला. ‘करणारे’ या रकान्यात एका संघटनेचं नाव होतं. मीच भरलेलं, २०१५ नंतर, अगदी निर्धास्तपणे. तो रकाना मोडून मी चार केले: जबाबदारी कुणी घेतली, पोलिसांनी कुणाला धरलं, खालच्या कोर्टात काय सिद्ध झालं, वरच्या कोर्टात काय टिकलं. मग मागच्या सगळ्या घटना पुन्हा भरायला घेतल्या. चौथा रकाना किती ठिकाणी रिकामा राहतो हे पाहून मला माझ्याच दोन जुन्या लेखांची लाज वाटली. कारण ‘अमुक संघटनेच्या हल्ल्यांचा कल’ असं मी त्यात लिहिलं होतं, आणि तो कल पोलिसांच्या पहिल्या पत्रकार परिषदेचा होता.

तेव्हा उत्तर असं. स्फोट कसे झाले, माणसं कशी मेली, शहराने पुढे काय केलं, हे शिकवलेलं चूक नव्हतं. ‘कुणी केलं’ हे मात्र आपण पुराव्यापेक्षा जास्त खात्रीने शिकवलं. निर्दोष सुटले याचा अर्थ कुणीच केलं नाही असा नाही, आणि पकडले होते म्हणजे त्यांनीच केलं असाही नाही. वाक्य लिहिताना ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे दोन शब्द खर्चायची कंजुषी करू नका.

१२. तुम्ही डावे लोक एकाच बाजूचं बोलता. मालेगावबद्दल का नाही बोलत?

बोलते. २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटात सहा जण मेले. ३१ जुलै २०२५ ला मुंबईच्या विशेष एनआयए न्यायालयाने सातही आरोपी निर्दोष सोडले. प्रश्न ११ मधल्या निकालानंतर बरोब्बर दहा दिवसांनी. पहिल्या निकालाला ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यातले बरेच दुसऱ्याला संतापले, आणि उलटही. माझ्या तक्त्यात दोन्ही ओळींचा चौथा रकाना सारखाच रिकामा आहे. डावी-उजवी मते मला आहेत, मतदानाच्या दिवशी वापरते.

१३. अशा संघटनांची पत्रकं, व्हिडिओ डाउनलोड केले तर पोलीस पकडतील का?

पकडू शकतात, म्हणून तयारी ठेवा. जुलै २०२३ मध्ये एल्गार परिषद प्रकरणातल्या दोन आरोपींना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हिंसेचा प्रचार करणारं साहित्य नुसतं जवळ असणं हा यूएपीएखाली गुन्हा होत नाही. पण हे ऐकायला त्यांना जवळपास पाच वर्षं आत बसावं लागलं. यूएपीएत जामीन किती अवघड असतो हे कलम ४३डी मध्ये वाचा.

व्यवहारात एवढं करा. विषयाच्या मंजुरीचं पत्र आणि गाइडचं सहीचं पत्र कायम जवळ ठेवा. विभागाचा संगणक वापरा, घरचा नको. काय, कधी, कशासाठी उतरवलं याची वही ठेवा. कुणालाही, अगदी मित्रालाही, फॉरवर्ड करू नका. टोपणनावाने त्यांच्या ग्रुपमध्ये शिरू नका, तो अभ्यास नाही. आणि मूळ व्हिडिओशिवाय भागत असेल (बहुतेक वेळा भागतंच), तर बघूच नका.

१४. मी मुंब्र्याची आहे, मुस्लिम आहे. या विषयात आले तर लोक काय म्हणतील?

म्हणतील. कुणी ‘तुला आतली माहिती असेल ना’ असं हसत विचारेल, घरचे म्हणतील नसती आफत कशाला. प्रश्न १३ मधली काळजी तुला इतरांपेक्षा दुप्पट घ्यावी लागेल, हे अन्यायाचं आहे आणि खरं आहे. पण या विषयात लिहिलं जातं ते बऱ्याचदा तुझ्यासारख्या वस्त्यांबद्दल, तिथे कधी न गेलेल्यांकडून. तू यावंस असं मला वाटतं. आणि याच विषयात यावं असं बंधनही मानू नकोस. निवडणुकांवर कर, पाणीपुरवठ्यावर कर. गाइड निवडताना एवढं बघ की अडचण आली तर तुझ्यासोबत पोलीस ठाण्यात येईल असं ते माणूस आहे का.

१५. वाचलेल्यांच्या, गेलेल्यांच्या घरी जाऊन मुलाखती घेता? काय विचारता?

कमी विचारते. विरार लाइनवरच्या एका बाईंकडे मी गेले होते. नवरा २००६ मध्ये गेला. मी स्फोटाबद्दल, राजकारणाबद्दल प्रश्न लिहून नेले होते. त्या दोन तास बोलल्या त्या भरपाईच्या कागदांबद्दल: कुठला दाखला कुठल्या खिडकीवर नाकारला, नावातली वेलांटी कशी चुकली. मग कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात नवऱ्याचा फर्स्ट क्लासचा पास. मुदत संपायला अकरा दिवस होते. माझी प्रश्नांची यादी मी पर्समधून काढलीच नाही. राज्यसंस्था सामान्य माणसाला भेटते ती कुठल्या खिडकीवर, यावरचं माझं पुढचं काम तिथून सुरू झालं.

नियम थोडक्यात: संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, लेखी संमती, नावं बदलायची, आणि ११ जुलै किंवा २६ नोव्हेंबरच्या आठवड्यात कुणाचंही दार वाजवायचं नाही. त्या आठवड्यात कॅमेरे येतात.

१६. माझी मुलगी रात्रंदिवस बॉम्बस्फोटांचं वाचत असते. तिच्या मनावर परिणाम नाही का होणार?

होतो, ताई. मला पहिल्या वर्षी शवविच्छेदनाचे अहवाल वाचल्यावर लोकलमध्ये सीटखालच्या बॅगांकडेच लक्ष जायचं. तिला सांगा, रात्री जेवणानंतर हे वाचायचं नाही, छायाचित्रं टाळायची, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी. झोप उडाली तर समुपदेशकाकडे न्या. गाइडने ‘एवढं तर सोसावंच लागतं’ म्हटलं तर गाइड बदला.

१७. मी पोलीस उपनिरीक्षक आहे. नोकरी सांभाळून पीएचडी करता येईल का? माझ्याकडे माहिती भरपूर आहे.

करता येईल. अर्धवेळ पीएचडीला कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, ते आधी हातात घ्या. अडचण त्या ‘भरपूर माहिती’ची आहे. कामात कळलेली गोष्ट तुम्ही प्रबंधात वापरू शकत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ आणि शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ दोन्ही आड येतात. तेव्हा असा विषय घ्या जो बाहेरचा माणूसही उघड कागदांवरून करू शकेल. तुमचा अनुभव फक्त ते कागद नीट वाचायला वापरा. पंचनामा कसा लिहिला जातो हे तुम्हाला ठाऊक आहे, आम्हाला ते शिकायला वर्षं जातात. आणि तुमच्याच ठाण्यात नोंदलेला गुन्हा विषय म्हणून घेऊ नका, निदान बदली होईपर्यंत तरी.